कोकरांची जागा

दादाला थंडी वाजलेली मी कधी पाहिली नव्हती. देवगाव रंगारीला आमच्या शेतात विजेची पाळी रात्रीची असायची, आणि पौषातल्या कडाक्यात गव्हाला पाणी द्यायला वडील त्यालाच पाठवायचे. घोटाभर चिखलात उभा राहून तो दारं धरायचा, एक वाफा भरला की पायानंच माती ओढून पाणी दुसऱ्यात वळवायचा, आणि सकाळी घरी आला की चुलीपुढं हात न शेकता सरळ भाकरीला बसायचा. पुढं शहरात नोकरी लागली, गारखेड्यात आमच्याच गल्लीत घर झालं, निवृत्तही झाला. पण स्वेटर-मफलर घालून फिरणाऱ्या माणसांकडं बघून हसायची त्याची सवय गेली नाही.

आमचा सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा एक गट आहे. दर हिवाळ्यात एखाद्या रविवारी आम्ही डोंगर चढायला जातो. त्या वर्षी कन्नडच्या पुढचा एक डोंगर ठरला होता. वर सपाट पठार, पठारावर एक जुनं पाण्याचं टाकं, आणि तिथून खाली सगळा खानदेश दिसतो म्हणतात. निघायच्या आदल्या आठवड्यात थंडीची लाट आली. सकाळी नळाचं पाणी हाताला चटका दिल्यासारखं लागायचं. गटातले एकेक जण काहीतरी कारण सांगून गळाले, आणि शेवटी आम्ही पाचच जण उरलो. मी, माझी कॉलेजात शिकणारी मुलगी, दादा, आणि शेजारचं जोडपं. शेजारच्या भाऊजींचं उस्मानपुऱ्यात औषधांचं दुकान आहे आणि वहिनी शाळेत शिकवतात.

गाडी पायथ्याच्या गावात लावली आणि चढायला लागलो तेव्हा ऊन होतं, पण त्या उन्हात काही जीव नव्हता. तोंडातून वाफ निघत होती. दादा सगळ्यांच्या पुढं. अंगात पांढरा सुती सदरा, त्यावर पातळसं विंडचीटर, आणि तेही मी गाडीत बसताना हट्ट केला म्हणून. वहिनींनी दोन स्वेटर घातले होते, त्यावरून तो त्यांना वाटभर चिडवत होता. वर पोचलो, भाकरी, ठेचा, पिठलं खाल्लं, फोटो काढले. पठारावर वारा असा होता की बोललेलं निम्मं उडून जात होतं. मुलगी म्हणाली, मामा, पश्चिमेकडं बघ, किती काळं झालंय. दादानं पाहिलं आणि म्हणाला की एवढ्या थंडीत पाऊस येत नसतो.

परतीला आम्ही पठार निम्मं ओलांडलं होतं तेव्हा आभाळ फुटलं. आधी पाण्याचे चार थेंब, आणि लगेच गारा. गारपीट मी गावाकडं पाहिलेली होती, पण पत्र्याखालून. उघड्यावर, जिथं एक झुडूपसुद्धा नाही, तिथं गारा खाणं काय असतं ते मला माहीत नव्हतं. पाठीवर, डोक्यावर, हाताच्या बोटांवर मार बसत होता. आम्ही पिशव्या डोक्यावर धरून खाली बसलो. मुलगी माझ्या काखेत शिरली, ती नुसती थरथरत होती, तिचं जाकीट गाडीत राहिलं होतं. दादानं आपलं विंडचीटर काढलं आणि तिच्या अंगावर घातलं. मी नको म्हणाले, तसं तो म्हणाला, "मला काय होतंय? मी काय आज पाणी पाहिलंय का?"

गारा थांबल्या तेव्हा पठार पांढरं झालं होतं. आपल्या मराठवाड्यातली जमीन पांढरी! मुलीनं फोटो काढायला मोबाइल काढला, पण तिची बोटं पडद्यावर चालेनात. त्यानंतर पाऊस सुरू झाला तो थांबलाच नाही. बारीक, तिरपा, बर्फासारखा गार पाऊस आणि वारा. आम्ही उतरायला लागलो.

उतारावर मला एक गोष्ट वेगळी वाटली. दादा मागं पडला होता. चढताना, उतरताना, चालताना, कधीही मागं न राहणारा माणूस. मी थांबून त्याला बरोबर घेतलं. तो काही बोलत नव्हता. पाय टाकायचा, तो दगडावर नीट पडायचा नाही. दोनदा तो बसला, दोनदा मी उठवला. मी विचारलं, थंडी वाजतेय का? तो म्हणाला नाय. खरंच तो थरथरत नव्हता. आम्ही चौघंही दात वाजवत होतो आणि तो शांत होता. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान दादाला तरी काही नाही.

पुढं वाट एका ओहोळातून जाते. वरचं सगळं पाणी त्यातून गढूळ होऊन वाहत होतं, त्यात गारांचे तुकडे तरंगत होते. आम्ही दगडांवरून पलीकडं गेलो. मी मागं वळून पाहिलं तर दादा पाण्यातच उभा. खाली वाकून बघत होता. मग त्यानं एक पाय पुढं केला आणि कडेची माती ओढून पाण्याला आडवी घालायला लागला. पुन्हा ओढली, पुन्हा घातली. पाणी ती माती वाहून नेत होतं आणि तो पुन्हा ओढत होता. अगदी सवयीनं, घाई न करता.

मी हाक मारली, "दादा, काय करायलास?"

त्यानं वर पाहिलं. त्याच्या तोंडावर हसू होतं. जीभ जड झालेली, शब्द एकमेकांत अडकत होते, पण मला कळले. "तू जा घरी," तो म्हणाला, "एवढा एक वाफा राहिला. भरला की येतो."

मी आजही ते वाक्य मनात म्हटलं तर माझे हात गार पडतात.  त्या क्षणी मला वाटलं तो चेष्टा करतोय. मग त्यानं सदऱ्याची बटणं काढायला सुरुवात केली. बोटं वळत नव्हती तर त्यानं सदरा ओढून फाडायला घेतला. "लई गरम व्हायलं," म्हणाला. तो खुशीत होता, आणि मला भीती वाटली ती त्याच खुशीची. वेदना असती, ओरडला असता, तर मला कळलं असतं की हा संकटात आहे. तो तर कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता इतका समाधानी दिसत होता.

भाऊजी माझ्या मागून आले, त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. दुकानदारीत त्यांनी काय काय वाचलेलं असतं. ते म्हणाले, "ताई, हे थंडीनं झालंय. यांना आता इथून हलवलं नाही तर हे जातील."

जातील हा शब्द मी ऐकला आणि तो दादाला लागूच पडेना. थंडीनं? आपल्याकडं? आमच्याकडं माणसं उन्हानं जातात, ऊस तोडताना साप चावून जातात, रस्त्यावर जातात. थंडीनं माणूस मरतो हे हिमालयातलं, टीव्हीवरचं. इथून देवगाव रंगारी फार लांब नाही, तिथल्या थंडीत हाच माणूस वर्षानुवर्षं उभा राहिलेला. मी भाऊजींकडं नुसती बघत राहिले. वहिनींनी माझ्या दंडाला धरून मला हलवलं तेव्हा मी पाण्यात उतरले.

आम्ही त्याला ओढून बाहेर काढलं. तो रागावला नाही, फक्त पुन्हा पुन्हा मागं वळून पाण्याकडं बघत होता. थोडं चालला आणि मग त्याच्या पायांनी कामच सोडलं. भाऊजींनी काखेत धरलं, मी आणि वहिनींनी पाय धरले. भिजलेल्या माणसाचं वजन किती होतं ते कुणाला सांगून कळणार नाही. मुलगी पुढं धावली होती. खालून तिची हाक आली की धूर दिसतोय.

उताराच्या खाली, एका कपारीच्या आडोशाला मेंढपाळांचं बिऱ्हाड उतरलं होतं. दोन काठ्यांवर टाकलेली निळी ताडपत्री, तीही एका बाजूनं गारांनी फाटलेली. आत तीन दगडांची चूल, आणि चुलीजवळ तिशीतली एक बाई. तिच्या कपाळावर गारेचा मार बसून टेंगूळ आलं होतं. मुलीनं तिला काय सांगितलं कोण जाणे, आम्ही पोचलो तेव्हा ती बाहेर येऊन उभी होती. दादाकडं एकदा पाहून म्हणाली, "आणा आत. इथं, जाळापाशी."

पण जाळापाशी जागा नव्हती. तिथं पोत्यांवर एक डालं पालथं घातलेलं होतं आणि त्याखाली नुकती जन्मलेली कोकरं. ती बारीक आवाजात ओरडत होती. बाईनं डालं उचललं, दोन-दोन कोकरं उचलून पलीकडं ताडपत्रीच्या कडेला नेऊन ठेवली, त्यांच्यावर एक पोतं टाकलं आणि मोकळ्या झालेल्या सुक्या जागेकडं हात केला. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. मला दिसत होतं, पण त्याचा अर्थ काय ते डोक्यात शिरत नव्हतं. मला फक्त ती सुकी जागा दिसत होती.

भाऊजी म्हणाले ओले कपडे सगळे काढा, कोरड्यात गुंडाळा, आणि कुणीतरी त्याला चिकटून झोपा, अंगाची ऊब द्या. हातपाय चोळू नका, आणि नीट शुद्धीवर येईपर्यंत तोंडात काही घालू नका. एवढं सांगून ते गाडी जवळात जवळ आणायला खाली धावत सुटले. मग राहिलो आम्ही बायकाच. वहिनी आणि मी दादाचे कपडे काढले. तो लाजला नाही हेच मला सहन होईना. बाईनं आपलं घोंगडं दिलं, ते धुरानं आणि मेंढ्यांच्या वासानं भरलेलं होतं. मी माझा ओला स्वेटर काढला, वहिनींच्या स्वेटरांतला आतला कोरडा राहिला होता तो घातला, आणि घोंगड्यात शिरून दादाला छातीशी धरलं.

कळती झाल्यापासून मी माझ्या भावाला कधी मिठी मारली नव्हती. आमच्या घरात ती पद्धतच नाही. राखी बांधायची, पाया पडायचं, संपलं. आणि आता मी त्याला धरून पडले होते आणि तो हाताला माणसासारखा लागत नव्हता. उन्हाळ्यात फरशीवर झोपल्यावर पाठीला जसं लागतं तसा गार. मी कान त्याच्या तोंडाजवळ नेला. श्वास येत होता, पण दोन श्वासांच्या मध्ये इतका वेळ जायचा की प्रत्येक वेळी मला वाटायचं, हा शेवटचा. मी त्याच्याशी बोलत होते. काय बोलत होते ते आठवत नाही. वहिनी नंतर म्हणाल्या की मी त्याला गावातल्या विहिरींची नावं विचारत होते.

बाई चुलीत काटक्या सारत होती. मुलगी बाहेर भाऊजींची वाट बघत भिजत उभी होती, तिला वहिनींनी आत ओढलं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग दादा थरथरायला लागला. आधी हनुवटी, मग खांदे, मग सगळं अंग, इतकं की माझे दात त्याच्या खांद्यावर आपटत होते. मी रडायला लागले, मला वाटलं हे काहीतरी वाईट होतंय. बाई वाकून बघून म्हणाली, "जीव आला बघा अंगात." आणि तिनं गुळाचा कोरा चहा ठेवला. दादानं डोळे उघडले. माझ्याकडं बघून त्यानं विचारलं की तू इथं काय करायलीस. शब्द अजून जड होते, पण प्रश्न त्याचा होता. मग वहिनींनी त्याला घोटघोट चहा पाजला.

तेवढ्यात बाईचा नवरा आला. डोक्यापासून पायापर्यंत निथळत होता, खांद्यावर एक मेंढी, तिचा एक डोळा गारेनं फुटलेला. मेंढी खाली ठेवून तो उंबरा नसलेल्या त्या दारात उभाच राहिला. बायकोला म्हणाला की खालच्या घळीत लई मेंढरं मेली, एकावर एक पडून. हे तो असं सांगत होता की जणू दुसऱ्या कुणाचं ऐकून आलाय. मग त्याची नजर चुलीजवळ गेली. तिथं आम्ही.

"कोकरं कुठंयत?" त्यानं विचारलं.

बाई उठली आणि कडेचं पोतं उचललं. ताडपत्रीच्या फाटक्या बाजूनं पाणी तिथंच गळत होतं. दोन कोकरं हलत होती. दोन हलत नव्हती. त्यांची मान वाकडी झाली होती आणि अंगावरची लोकर भिजून चिकटली होती, त्यामुळं ती होती त्याहून कितीतरी लहान दिसत होती.

ती म्हणाली, "माणूस व्हता."

एवढंच. स्वरात माफी नव्हती, तक्रारही नव्हती. नवऱ्यानं कोकरांकडं पाहिलं, मग दादाकडं. मला वाटलं आता हा ओरडेल, आणि त्यानं ओरडावं असंही वाटलं. त्यानं विचारलं, "वाचला का?"

वहिनी म्हणाल्या, व्हय. तो खाली बसला, आणि हलणाऱ्या दोन्ही कोकरांना उचलून त्यानं सदऱ्याच्या आत घातलं. सदरा ओलाच होता. ते लक्षात आल्यावर त्यानं ती बायकोकडं दिली आणि तिनं पदरात घेऊन चुलीजवळ, माझ्या पायाशी बसवली. मी घोंगड्यात दादाला धरून पडले होते आणि माझ्यापासून हातभर अंतरावर ती दोन मेलेली कोकरं होती. मला नजर हलवता येईना.

भाऊजी गावातून एक जीप घेऊन आले. निघताना मी घोंगडं परत द्यायला लागले तर बाईनं ते घेतलं नाही, खुणेनंच दादाच्या अंगावर राहू द्या म्हणाली. मी तिला काहीच बोलले नाही. आभार मानायचे असतात हे मला कन्नडला पोचल्यावर आठवलं. तिथल्या दवाखान्यात थर्मामीटर लावलं तर अजूनही पारा हललाच नाही. डॉक्टरांनी दुसरं मागवलं. कुठून आलात विचारलं, मी डोंगराचं नाव सांगितलं, तर त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की इथलाच ना?

दुसऱ्या दिवशी दादाला घरी सोडलं. त्याला पठारावरच्या गारांपर्यंतच आठवत होतं. मधलं सगळं पुसलेलं. भेटायला येणाऱ्यांना तो हसत हसत सांगायचा की बघा, आम्ही मराठवाड्यात बर्फ खाऊन आलो. वहिनींच्या स्वेटरांची चेष्टा मात्र त्यानं बंद केली. मी त्या हसण्यात सामील होऊ शकत नव्हते. भांडी घासताना, बँकेत काउंटरवर बसलेली असताना, मधूनच मला तो ओहोळात उभा दिसायचा, पायानं माती ओढताना, हसताना. मरण इतकं मवाळ असतं, माणसाला त्याच्या आवडीच्या कामाला लावून नेतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कोकरांचं मी त्याला बोलले नव्हते. ते मुलीनं सांगितलं, एक दिवस तो तीच गंमत पाहुण्यांना सांगत असताना. "मामा, तुझ्या जागेवर कोकरं होती," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं. दादा ऐकत राहिला. पाहुणे गेल्यावर तो गच्चीवर गेला आणि जेवायला खाली आला नाही. त्या दिवसापासून त्यानं कुणाला ती गोष्ट सांगितली नाही.

मग तो त्यांना शोधायला लागला. बिऱ्हाड डोंगरापाशी राहिलं नव्हतं, मेंढपाळ कुठं एका जागी राहतात? तो ओळखीच्यांना फोन करायचा, बाजाराच्या दिवशी कन्नडला जाऊन मेंढरं विकायला आलेल्यांना विचारायचा. महिन्याभरानं कळलं की ते देवगाव रंगारीच्या पलीकडं एका शेतात उतरलेत. आम्ही दोघं गेलो. घोंगडं मी घडी करून बरोबर घेतलं होतं.

बाईनं मला ओळखलं, दादाला नाही. तिनं त्याला उभा कधी पाहिलाच नव्हता. मी सांगितलं, हाच तो. ती त्याच्याकडं वरून खालपर्यंत बघत म्हणाली, "लई उंच हायेत की."

दादानं बरंच काही ठरवून आणलेलं असावं. शेवटी तो तिच्या नवऱ्याला म्हणाला, "आमचं वावर मोकळं हाय. हरभरा निघाला. मेंढरं बसवा तिथं, पाहिजे तितके दिवस." नवरा म्हणाला की या शेताचा शब्द दिलाय, पुढच्या आठवड्यात येऊ. दोघं मग मेंढरांकडं गेले. कळप लहान झाला होता हे मलासुद्धा दिसत होतं.

मी आणि ती बाभळीखाली बसलो. कपाळावरचं टेंगूळ गेलं होतं, काळा डाग राहिला होता. मी तिच्यापुढं घोंगडं ठेवलं आणि तेव्हा न बोललेलं बोलायला लागले, तर तिनं मध्येच विचारलं, "रातची झोप येती का तुम्हाला?"

मी दचकले. महिनाभर कुणी मला हे विचारलं नव्हतं. दादाला कसं आहे विचारायचे, मुलीला विचारायचे. मी नाही म्हणाले.

"मला बी नाय," ती म्हणाली. "वाऱ्यानं ताडपत्रीवर बारीक काडी पडली तरी उठून बसते. हे म्हणतात झोप, काय नाय. पर ते घळीतलं त्यायनी बघितलं, ते बी झोपत नायत." मग तिनं विचारलं, "तुमचे भाऊ झोपतात का?"

मी म्हणाले, त्याला काही आठवतच नाही.

"बरं हाय," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ते आमच्या वावरात आले आणि होळीपर्यंत राहिले. दादा त्या दिवसांत गारखेड्यात फारसा थांबलाच नाही. त्या दुपारी मात्र आम्ही दोघी अजून बाभळीखालीच बसलो होतो. ती मांडीवर घोंगडं घेऊन त्यातली कुसळं वेचत होती. दादानं निघायचं म्हणून लांबून हात केला. मी हो म्हणाले, आणि तरी तिच्याजवळ थोडा वेळ बसून राहिले.